माळकऱ्याच्या घरचे मासे

राजुरी,
दि. ९ फेब्रुवारी २००३

चि. संपत,

आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. सात वर्षांनी आईचं पत्र बघून दचकू नकोस, दादांचं काही वाईट झालेलं नाही. आहे तसंच आहे. तुझ्या वडिलांचं उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही परत आली नाही. येत्या पाडव्याला दोन वर्षं होतील. सकाळी त्यांचं तोंड धुवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, आणि जरा टेकावं तर दुपारच्या गोळ्यांची वेळ. तक्रार नाही. थकले आहे, एवढंच.

लिहायचं कारण वेगळंच आहे, हसू नकोस. मला माशांबद्दल विचारायचं आहे.

झालं असं की डॉक्टर म्हणाले, हे दिवसभर आढ्याकडे बघत पडतात, त्यापेक्षा समोर रंगीत मासे ठेवा, बघत बसले की जिवाला शांत वाटतं, बीपी उतरतं. चांगदेव लगेच नारायणगावला गेला आणि काचेची पेटी घेऊन आला. तुझ्या थोरल्या भावाचं तुला माहीतच आहे, रंग बघून बैल घेणारा माणूस. दुकानात डोळ्यांना बरे दिसले ते सगळे उचलून आणले. अंगावर पट्टे असलेले चार, लांब पंखांचे चपटे दोन, एक जाडा सोनेरी आणि दहा-बारा गप्पी. चार दिवसांत पट्टेवाल्यांनी चपट्यांच्या पंखांच्या चिंध्या केल्या. चपट्यांनी गप्पी गिळायला सुरुवात केली. हे बघून दादा डाव्या हाताने खाटेची कड बडवायचे. बीपी उतरायचं ते चढलं.

त्यात माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि बाहेरच्या खोलीत मासे. शेजारची कोंडाबाई बघायला आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "झुंबरबाई, माळ काढली का काय?"

शेवटी मीच एसटीने गेले. दुकान सावळाराम नावाच्या माणसाचं आहे. त्याला म्हटलं, बाबा, माळकऱ्याचं घर आहे, मांस न खाणारे आणि भांडण न करणारे मासे दे. तो म्हणाला, "आज्जी, हे काय देऊळ न्हाई. मासं हायेत." पण माणूस भला निघाला. चपटे, पट्टेवाले, सोनेरी सगळे परत घेतले. मग विचारलं, पाणी कुठलं? म्हटलं, विहिरीचं. "मंग जड पानी. त्याला गप्पी आन् मॉली मानवत्याल. एकमेकांच्या वाटंला जात न्हाईत. काळी मॉली तर पालक उकडून टाकला तरी खाती." पालक खाते म्हटल्यावर मी सहा मॉल्या घेतल्या.

आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात. पण परवा एका गप्पीने पिल्लं घातली. अंडी नाही रे, हलती पिल्लं, जिऱ्याएवढी. दादांनी मला हाताला धरून दाखवली. दुपारी निम्मी राहिली आणि दिवेलागणीला एकही नाही. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. पेटीत आता मांस खाणारं कुणी नाही, मग पिल्लं गेली कुठे?

हे जरा भागूला विचार. ती ओढ्याकाठी वाढलेली, तिला ठाऊक असेल. धाकट्या सुनेचं नाव मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

आणि जमलं तर येऊन जा. दुसरा झटका आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मागे दादा मंचरच्या दवाखान्यात होते तेव्हा पायरीपर्यंत येऊन माघारी गेलास, तसं करू नकोस.

दादांचे व माझे आशीर्वाद.

तुझी
आई


राजुरी,
दि. ३० मार्च २००३

चि. संपत,

आशीर्वाद. भागूचं कार्ड मिळालं. अक्षर गोल आहे, वाचायला त्रास पडला नाही. तिने लिहिलं होतं, "आत्या, पिल्लं आईच खाती. आमच्या ओढ्यातबी काही मासं आसंच करत्यात. दगडं रचा, शेवाळ सोडा, पिल्लांना लपाया जागा द्या. मंग ऱ्हात्याल."

खोटं कशाला सांगू, मला पटलं नाही. पुन्हा सावळारामाला गाठलं. तो म्हणाला, खरं आहे. "तिला कळत न्हाई आज्जी, आपलं हाय का दुसऱ्याचं. फुडं हाललं की गिळती." मी दुकानात स्टूल मागून बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी दिलं बिचाऱ्याने.

मग नदीतले चार गोटे धुऊन पेटीत रचले, सावळारामाकडून हिरवं शेवाळ आणलं. या खेपेला पिल्लं राहिली. दादा गोट्यांच्या फटीत बघत असतात. एखादं बाहेर आलं की बोट करतात, आणि आई-मासा जवळ आला की काचेवर टकटक करून तिला हाकलतात. तुला ठाऊक नसेल, लग्नाआधी दादा नदीवर गळ टाकून बसायचे. माळ त्यांनी माझ्यासाठी घातली. म्हणून मी परवा म्हटलं, "नुसतं बघायचं हं, कालवण न्हाई करायचं." तर अर्ध्या तोंडाने का होईना, हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

नाव गप्पी, आणि पेटीभर एक शब्द नाही. खाटेवरही नाही. दिवसभर मी एकटीच बडबडते.

दुपारची लाईट चार-चार तास जाते. हवेचा पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंडं उघडतात. मग मी तांब्याने पाणी वर काढते आणि उंचावरून परत पेटीत सोडते. तेवढीच हवा मिळते. दंड भरून येतात. चांगदेवची उज्ज्वला म्हणते, "आत्या, तुमी पडा जरा, मी करते," पण तिलाही शेतातून आल्यावर हजार कामं.

भागूने कार्डाच्या शेवटी लिहिलंय, "ते म्हनत्यात, दादांनी बोलावलं तर येऊ." मी दादांना वाचून दाखवलं. त्यांनी हाताने खूण केली, बोलाव म्हणून. तेव्हा आता काही अडचण नाही. तुझ्या शाळेला सुट्टी लागली की दोघंही या.

दादांचे व माझे आशीर्वाद.

तुझी
आई


राजुरी,
दि. ११ मे २००३

संपत,

तुझं पत्र आलं. एवढंच लिहिलं होतंस, "आई, दादांना बोलता येत नाही. मग हा निरोप कुणाचा?"

निरोप माझा. दादांनी खूण केली नव्हती. मी त्यांना कार्ड वाचूनच दाखवलं नव्हतं, उशीखाली ठेवलं होतं.

आणि पहिला निरोपही माझाच.

शहाण्णव सालचा वैशाख. तू भागूला घेऊन दारात उभा होतास. दादा आळेफाट्याला बियाणं आणायला गेले होते. तिच्या हातात पळसाच्या पानात बांधलेली पुडी होती. तिने ती पुढे केली आणि म्हणाली, "आईनं दिल्यात, ओढ्याचं सुकवल्यालं मासं." आता कळतं, त्यांच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिने सासरी आणली होती. मला फक्त वास आला. पुडी मी घेतली नाही. तुला म्हटलं, "दादांनी सांगितलंय, या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई." तू वाद घातला नाहीस. दादांचा शब्द म्हणून मान खाली घालून गेलास.

दादांनी असलं काही सांगितलं नव्हतं. ते तर त्या दिवशी, तुम्ही येणार म्हणून, सुनेसाठी पेढे घेऊन आले. त्यांना मी म्हटलं, "संपत येऊन गेला. आपली लाज वाटती म्हनला, पुन्हा यायचा न्हाई."

मासे निमित्ताला होते रे. मला न विचारता तू लग्न केलंस, हे मला गिळवलं नाही. तोंडातून गेलं तेव्हा वाटलं, चार दिवसांनी मिटवीन. चार दिवसांनी मिटवायचं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं. तसंच राहिलं.

त्या दिवाळीनंतर दादा मला न सांगता तळेघरला गेले होते. तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत गेले. तू पोरांकडून पाढे म्हणून घेत होतास. तेवढं ऐकून माघारी आले. मला म्हणाले, "आवाज चांगला लागलाय त्याचा. पन लाज वाटती तर कशाला जावं फुडं." मी भाकरी थापत होते, थापत राहिले. तू दवाखान्याच्या पायरीवरून परतलास, ते फाटकावरून परतले. दोन्हीकडे आडवी मीच आले होते.

मग त्यांची वाचा गेली. तुला म्हणून सांगते, त्या दिवशी रडता रडता एक विचार आला की आता हे कधीच कुणाला कळणार नाही. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे लक्षात आलं आणि माझीच मला शिसारी आली. सावळाराम म्हणतो, माशाला कळत नाही आपलं पिल्लू कुठलं. मला कळत होतं.

परवा गुरुवारी दुपारी लाईट गेली. मी तांब्याने पाणी सोडत होते, दादा बघत होते. मला आणखी ओढवेना. तांब्या खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. पुडीचं, पेढ्यांचं, फाटकाचं, तुझ्या पत्राचंसुद्धा. ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायला गेले तर डाव्या हाताने माझा हात झटकला. नंतर भिंतीकडे तोंड केलं. पेटीकडेही बघितलं नाही.

गुरुवारपासून माझ्या हातून खात नाहीत. चमचा नेला की ओठ मिटतात. चांगदेवच्या हातून खातात. बरोबरच आहे त्यांचं. मी सैपाक करून ताट त्याच्या हाती देते आणि आत बसते.

तू ये. मी बोलावते म्हणून नको, माझ्या बोलावण्याला आता काही किंमत नाही. ते तुझ्यावर रागावलेले कधीच नव्हते, तेवढं धरून ये. सुट्टी आहे तोवर ये. भागूला आण. तिला जे आणायचं असेल ते आणू दे, पानात बांधून आणलं तरी आणू दे. या खेपेला मी ते हातात घेईन. मग मी कोंडाबाईकडे जाऊन बसेन, तुम्ही राहा त्यांच्याजवळ हवं तेवढं. बाप-लेकांमध्ये पुन्हा उभी राहणार नाही.

गप्पीची पिल्लं मोठी झालीत, रंग धरायला लागलीत. भागूला सांग.

हे सगळं आज सकाळी दादांना मोठ्याने वाचून दाखवलं. इथपर्यंत आले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं कागद फाडतील. त्यांनी पेन मागितलं. मी उशीवर पाटी धरली, पाटीवर कागद चांगदेवने धरला. खाली जे दिसतंय ते त्यांनी स्वतः काढलंय. चांगदेव म्हणतो अक्षर आहे, उज्ज्वला म्हणते नुसती रेघ आहे. मला त्यात काय दिसतं ते मी लिहीत नाही. आजवर त्यांचं म्हणून तुला जे सांगितलं ते पुरे झालं. हे तूच वाच. वाचता नाही आलं तर येऊन त्यांना विचार.

त्यांचे आशीर्वाद या वेळी मी लिहीत नाही. माझे आहेत, घ्यावेसे वाटले तर घे.

आई