कापलेले सात आकडे

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींना म्हणावं, चहातली साखर आता खरंच कमी करा. इकडे सगळे मजेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारणारच. फोनवर तुझा आवाज आला की मी विषय बदलते, म्हणून.

आमच्या शाळेने माझे गणिताचे धडे चित्रित केलेत, ते आता पाच देशांत दाखवतात. इथल्या वर्गातही तेच लावतात. मी मागच्या बाकावर बसून पडद्यावरच्या मला बघते. बाई बऱ्या शिकवतात, पण हसतात फार! कुणाचं अडलं तरच मी उठायचं. एरवी हाताची घडी, तोंडावर बोट.

परवा एक धडा बघताना चुकल्याचुकल्यासारखं झालं. प्रश्न विचारून मनात सात आकडे मोजायचे, मगच उत्तर घ्यायचं, हे तू मला शिकवलंस. "पहिला हात हुशाराचा, सातवा घाबरटाचा. आपण त्याच्यासाठी थांबायचं," म्हणायचीस. चित्रीकरणातही मी थांबले होते. संकलकाने ते सगळं कापलं. "मॅडम, तिथे कुणीच बोलत नाही. रिकामी जागा होती," म्हणाला. मी कडकडून भांडले, तेव्हा दोन धड्यांत परत घातलं. उरलेले छत्तीस तसेच आहेत.

पण हे सांगायला मी लिहायला बसले नव्हते.

नव्या सत्रापासून सहावा देश तुझा आहे. तुमच्या शाळेतही हेच धडे येणार. तुझ्या मुख्याध्यापकांनी तुला अजून सांगितलं नसेल. तू धडा सुरू करायचास, बंद करायचास, हजेरी घ्यायचीस. शिकवायचं मी.

संमतीच्या कागदावर शाळांची यादी होती. अकराव्या ओळीत तुझी शाळा. न वाचता सही केली असं सांगायचं ठरवलं होतं, पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. वाचली मी, ताई. वाचली आणि लगेच सही केली. सातच काय, एकसुद्धा मोजला नाही. सहावा देश ऐकून हुरळले होते. एकतीस वर्षं उभा केलेला तुझा वर्ग मी एका सहीत घेतला.

काल सही परत मागायला गेले. सुटलेला बाण आहे, आमचे मुख्याध्यापक म्हणाले.

मला फार लाज वाटते. माफ कर असं लिहून खोडलं, कारण ते तुझ्यावर लादल्यासारखं वाटलं. तू हवा तेवढा वेळ घे. या वेळी मी सातवर थांबणार नाही, मोजत राहीन.

तुझ्याच वर्गात शिकलेली,
धाकटी