फसलेला तास

बाई, पत्राची सुरुवात संस्कृतात करायचा मोह झाला होता. पण तुम्ही चष्म्यावरून बघत "पंडित, मराठीत या" म्हणाला असतात, म्हणून निमूटपणे मराठीत आलो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं आता माझ्याकडे आपली पोरं घालायला येतात. मी कुरुळीच्या शाळेत मुख्याध्यापक आहे. हसू नका. शाळेच्या एका बाजूला कारखान्याची भिंत आहे, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, आणि मधल्या जागेत मी 'रामः रामौ रामाः' म्हणवून घेतो. पोरं म्हणतात. त्यांना इलाज नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

आज लिहायला बसलो ते आमच्या नव्या मॅडममुळे. विज्ञान शिकवतात. उदगीरकडच्या आहेत, भाऊ चाकणला एका कंपनीत आहे, त्याच्याकडे राहतात. जूनमध्ये आल्या आणि दिवाळीच्या आत जायला निघाल्या. नवे शिक्षक जातात, त्यात नवल नाही. आपल्या पट्ट्यात तर शाळा सोडून चार पावलं चाललं की कुठली तरी कंपनी माणसं घेत असते. पण या बाईंना शिकवता येतं. तुम्ही मला पहिल्या महिन्यात ओळखलंत म्हणायचात, तसं मी यांना पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं. ओळखलं आणि आपल्या खोलीत जाऊन बसलो. ओळखण्यापलीकडे काही करायचं असतं हे तुम्ही मला कसं शिकवलंत ते आधी तुम्हालाच सांगतो, कारण तुम्ही कधी शिकवतो आहे असं म्हणून शिकवलं नाहीत.

पिंपरीच्या आपल्या शाळेत मी वाईच्या पाठशाळेतून आलो तेव्हा पहिल्याच तासाला मुलांना "आसनस्थ व्हा" म्हणालो होतो. अख्खा वर्ग उभाच राहिला. शाळेच्या रिवाजाप्रमाणे नव्याला तुकडी ड मिळायची, पत्र्याखालची खोली मिळायची, शेवटचा तास मिळायचा, आणि कोणी रजेवर गेलं की त्याचे तासही मिळायचे. जुने लोक म्हणायचे, आम्हीही असंच शिकलो. यातले निम्मे काहीच शिकले नव्हते, असं तुम्ही म्हणायचात, पण फक्त माझ्यापाशी. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही माझी ड तुकडी मागून घेतलीत आणि तुमची ब मला दिलीत. मग एक दिवस भूगोलाच्या वह्या तपासायला माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसलात. तास संपल्यावर तुम्ही शिकवण्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीत. म्हणालात, "तुमच्या चपला करकर वाजतात. बदलू नका. पोरांना सावरायला वेळ मिळतो, आणि तुम्हाला वाटतं आपला दरारा आहे."

शिक्षकखोलीत एकदा मी पांडित्य पाजळत होतो. शिकणे या अर्थाचा जो 'इङ्' धातू आहे तो 'अधि' या उपसर्गावाचून कधी येतच नाही. अध्ययन घ्या, अध्यापक घ्या, अधि पुढे आहेच. एकटा इङ् कुठे भेटायचा नाही. बाकीचे चहा पीत होते. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्हणजे नव्याच्या पुढे आधीचा कुणीतरी लागतोच. जे तुमच्या धातूला कळतं ते आपल्या शाळेला कळत नाही, पंडित." अधि आणि आधी यांचा काही संबंध नाही, ह्रस्वदीर्घसुद्धा जुळत नाही, हे मी तुम्हाला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. व्युत्पत्ती माझी बरोबर होती आणि अर्थ तुमचा बरोबर होता, हे कळायला मला पंचविशी उलटावी लागली आणि चाळिशीही.

आणि मग तो तास. मी गावी परत जायचं मनाशी ठरवलं होतं, पाठशाळेत जागा होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण तुमच्यापासून काय लपणार? तुम्ही म्हणालात, "चांगला तास बघायला कुणीही बोलावतं. उद्या शेवटच्या तासाला ड मध्ये या, माझा फसलेला तास बघा." मी मागे बसलो. तुम्ही व्यापारी वारे शिकवत होतात आणि वर्ग तुमच्या हातातून पाऱ्यासारखा निसटत होता. कोणी बाकाखाली होतं, कोणी खिडकीत. तुमचा आवाज चढला, मग बसला. तुम्ही, ज्यांच्या नावाने शाळा ओळखली जायची, तुम्ही खडू ठेवलात, कपाळ पुसलंत आणि माझ्याकडे बघून स्वच्छ हसलात. त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली. सुट्टीत नवे शिक्षक हमखास गळतात हे ठाऊक असल्यामुळे तुम्ही वैशाखी पौर्णिमेला खिरीला बोलावलंत. तुमच्या त्या कामगार वसाहतीतल्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मी तीन वाट्या खीर खाल्ली. राजीनाम्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे मलाही काढता आला नाही.

आता कुरुळी. आमच्या मॅडमनी आपल्या वर्गाची पालकसभा ठेवली, रविवारी सकाळी. तुम्ही वाचता वाचताच कपाळाला हात लावला असेल. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. रविवारी अर्धा गाव पहिल्या शिफ्टला, उरलेला अर्धा रात्रपाळी करून झोपलेला. पण भावाच्या कंपनीला सुट्टी नेमकी रविवारची, मग उदगीरहून आलेल्या मुलीला हे कोण सांगणार? सूचना फळ्यावर चार दिवस होती. खालून सगळी शिक्षकमंडळी ये-जा करत होती. मीही करत होतो. मुख्याध्यापक फळा वाचत नाहीत, लिहवून घेतात. रविवारी त्यांनी दारात रांगोळी काढली, फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहिलं, मुलांची चित्रं दोरीला टांगली आणि दुपारपर्यंत बसून राहिल्या. एक आजी आल्या, त्याही नातवाचा विसरलेला डबा न्यायला. सोमवारी शिक्षकखोलीत आमचे खेळाचे सर म्हणाले, "मॅडम, रविवारी इकडं देवसुद्धा ड्युटीवर असतो." मंडळी हसली. शिकेल हळूहळू, असं कोणी तरी म्हणालं. आपल्याच शाळेतलं ते वाक्य, बाई, अजून जिवंत आहे, तब्येतही उत्तम आहे.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत आल्या. रडल्या नाहीत. "मी जायलेय, सर," म्हणाल्या. कंपनीच्या ट्रेनिंग विभागात नोकरी मिळत होती, नव्या कामगारांना सुरक्षेचे नियम शिकवायचे, घरापासून बस. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मी शिक्षकी पेशाच्या थोरवीवर दोन वाक्यं जुळवली, ती त्यांनी पुरी होऊ दिली. मग म्हणाल्या, "कंपनीत नव्या माणसाला मशीनवर एकटं सोडत नाहीत, सर. जुना माणूस बाजूला उभा करतात. आपल्याकडं पहिल्या दिवशी साठ लेकरांवर सोडलं मला, अन् वर बघायला गंमत म्हणून समदे दारात."

मुख्याध्यापक अडचणीत आला की पाणी मागवतो, तसं मी मागवलं. पाणी येईपर्यंत तुम्ही आठवलात. मी म्हणालो, शनिवारी कळवायचं आहे ना, मग उद्या शेवटच्या तासाला नववी ड मध्ये या, माझा फसलेला तास बघायला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या माणसाला रजेची गरज आहे.

त्या आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. बाहेर ट्रक मागे घेताना वाजतात तसा एक ट्रक सारखा वाजत होता, आणि कांद्याचा वास होता. तास कसा झाला ते थोडक्यात सांगतो. मी एक सुभाषित घेतलं, त्याचा अन्वय लावला, अन्वयातून संधीत शिरलो, संधीतून एका गोष्टीत. गोष्टीच्या ऐन मध्यावर एकाने विचारलं की सर, हे कंपनीत कुठं लागतं? मी त्याला उत्तर दिलं, ते फार लांबलं. दोन जण झोपले, एकाने दुसऱ्याला उठवायला कंपास टोचला, तो ओरडला. घंटा झाली तरी मी सुभाषिताच्या चौथ्या चरणापाशी होतो आणि सोडायला तयार नव्हतो. तेव्हा मागून आवाज आला, "सर, ओव्हरटाइमला डबल पैसे लागतात." वर्ग फुटला. आणि बाई, मॅडमही हसल्या. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलेपर्यंत. त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

पोरं गेल्यावर त्या जागच्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, खिडकीकडची पोरगी दोनदा हात वर करून खाली घ्यायली होती, तुमचं लक्ष नव्हतं. तिला विचारलं असतं तर तास वाचला असता. मी म्हणालो, मग उद्या मी तुमच्या वर्गात बसतो, तुमच्या निसटलेल्या पोरी मला दिसतील. रिवाजाने त्यांच्या वाट्याला आलेली ड तुकडी मी माझ्याकडे घेतली, आणि त्यांच्या वर्गाची पालकसभा गुरुवारी लावली. खेळाच्या सरांना खुर्च्या मांडायला सांगितलं. त्यांनी मांडल्या, आणि चहाही आपणहून आणला. माणूस वाईट नाही, त्याच्या पहिल्या वर्षी त्याच्यावरही सगळे असेच हसले असणार.

गुरुवारी वर्ग भरला. बाप कंपनीच्या शर्टात, आया कडेवर धाकटी घेऊन. कुरुळीतलाच जुना एक जण म्हणाला, "म्याडम, रविवारचं बोलावणं आलं तवा आमाला वाटलं, कंपनीनं सुट्टी बदलली का काय. आमी सुपरवायझरला इचारून आलो. न्हाई म्हनला." कोणाला यायचं नव्हतं असं नव्हतं, हे मॅडमना त्या क्षणी कळलं. मग ज्या बोलायला लागल्या, त्या चहा गार होईपर्यंत.

शुक्रवारी खोलीच्या दारातूनच त्यांनी सांगितलं की कंपनीला 'येत नाही' म्हणून कळवलं. वर्षभर तरी राहते, पुढचं पुढं. मी फाइलीत डोकं घालून "बरं" म्हणालो. माझा आनंद फार वाईट दिसतो. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, गुरुवार झाला ते बरंच झालं, पण मी थांबले ती त्या तासामुळं. एवढे मोठे मुख्याध्यापक, पण नव्या बाईला धीर यावा म्हणून पोरांसमोर स्वतःचा तास मुद्दाम फसवला. "मुद्दामच ना, सर?"

मी "हो" म्हणालो.

हे पत्र पाठवायचं नाही, आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण तुमच्याकडून गोष्ट फुटायची. तास फसवायचं मी घरून ठरवूनच आलो होतो. पण त्या मागे येऊन बसल्या, आणि जीव ओतून शिकवल्यावाचून मला राहवलं नाही. बाई, तो माझा सगळ्यात चांगला तास होता.