डोळ्यांनी दिसणारी सम

प्रिय ढब्बू,

एवढ्या मोठ्या सर्जनला ढब्बू म्हणते म्हणून रागावू नकोस, हे पत्र तुझ्या नर्स वाचणार नाहीत. फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. आई, ऑपरेशनला उभं राहायचंय, नंतर करतो, की ठेवलास फोन! पत्र असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. गेल्या रविवारी तू गाण्याच्या बैठकीला येऊन गेलास, तेव्हापासून तुझ्या तब्येतीची धास्ती घेतली आहे मी. काय पाहिलं ते सांगतेच, पण आधी बघायला कुठे शिकले ते सांगू दे. नाहीतर आई, काहीतरीच काय, म्हणून पत्र खिशात कोंबशील.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या बाबांनी दवाखान्यात पहिली बैठक ठेवली तेव्हा मला वाटलं, खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय! महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बाकं बाहेर जायची, औषधांच्या वासातच सतरंज्या पडायच्या, वजनकाट्यावर तंबोऱ्याची खोळ ठेवली जायची आणि गवई बसायचा बरोबर डोळे तपासायच्या तक्त्याखाली. आलाप सुरू झाला की मी तो तक्ता वरून खाली वाचायची, मग खालून वर. शेवटची बारीक ओळसुद्धा मला पाठ झाली होती, चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला मी आजही सहज फसवीन. तक्ता संपला की माणसं बघत बसायची. दुसरं करणार काय, कप्पाळ?

बघता बघता मला एक गंमत कळली. ताल फिरून फिरून जिथे येऊन टेकतो त्या समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, हात एकदम मांडीवर पडतात. मला सम कानांनी कधी कळली नाही, पण डोळ्यांनी कळायला लागली. बाबांना हे सांगितलं तर त्यांना कोण आनंद! येईल त्याला सांगत सुटले, आमच्या हिला सम दिसते म्हणून. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते स्वतः डोळे मिटून बसायचे. आठवडाभर लोकांची दुखणी ऐकून ओढलेला चेहरा गाण्यात नितळ होत जायचा. घराला आग लागली तरी या माणसाला पत्ता लागणार नाही, असं मला वाटायचं. माझं चुकत होतं, आणि ते कळलं मास्तरांमुळे. आपले शेजारचे निवृत्त मास्तर रे, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे ते. एका रविवारी गाणं ऐन रंगात आलं होतं, मास्तरांनी नेहमीसारखी वाहवा केली, आणि बाबांनी खाडकन डोळे उघडले. बाकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. गाणं संपताच बाबा मास्तरांजवळ जाऊन बसले, त्यांना दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, मग हळूच विचारलं, कुठे पडलाबिडलात का? मास्तर म्हणाले, पडलो होतो खरा न्हाणीघरात, महिना होऊन गेला, नुसतं टेंगूळ आलं होतं. बाबांनी त्यांना घरीही जाऊ दिलं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कवटीच्या आत रक्त साकळत चाललं होतं. वेळेवर काढलं म्हणून मास्तर वाचले आणि पुढे कितीतरी वर्षं आमचा चहा पीत राहिले.

मी बाबांना खोदून खोदून विचारलं, तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, मास्तरांची वाहवा समेच्या मागे पडली, कधी पडत नाही. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही गाणं ऐकता की पेशंट तपासता? तर ते चक्क गोंधळले, त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाले, अगं, मी गाणंच ऐकत होतो, मास्तरांची वाहवा गाण्यातच आहे ना? ढब्बू, माझ्या अंगावर काटा आला. गवयाचा सूर, तबला, कुणाची धाप, कुणाचा खोकला, माझ्या बांगड्यासुद्धा, सगळं त्यांना एकच गाणं म्हणून ऐकू येत होतं. ज्याच्या मोज्यांचे जोड मी रोज शोधून देत होते तो हा असा माणूस! त्या दिवशी मी त्यांच्यावर एकदाही खेकसले नाही, यावरून काय ते समज. तू तेव्हा डॉक्टरकी शिकत होतास, सुट्टीत आलास आणि निव्वळ योगायोग म्हणालास. बाबा नुसते हसले. मी मात्र त्या माणसाकडे थक्क होऊन बघत राहिले ते अगदी शेवटपर्यंत.

आता रविवारचं. बाबा गेल्यानंतरची ही पहिलीच बैठक, आणि त्यांच्या जागेवर तू बसलेला, म्हणून माझी नजर सारखी तुझ्याकडे जात होती. सम आली, सगळ्यांच्या माना हलल्या, तुझीही हलली. सगळ्यांचे हात पडले. तुझा उजवा हात तसाच राहिला. त्याचा अंगठा बोटावर आपला आपण हलत होता, चिमटीत काही चुरगाळत असल्यासारखा, आणि तालाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मग तू डाव्या हाताने तो दाबून धरलास आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलंस. म्हणजे तुला हे माहीत आहे, आणि तू लपवतो आहेस.

मी डॉक्टर नाही, माझी भीती खोटी ठरो. पण कुणाला तरी दाखवल्याशिवाय तू आता सुरी हातात धरायची नाहीस, हे सांगायला हा सगळा खटाटोप. गुंगी दिलेला माणूस तुझ्या भरवशावर पडलेला असतो रे. स्वतःच्या हॉस्पिटलात लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावी दाखव. सूनबाईला मी अवाक्षर बोललेले नाही, तिला तूच सांग. हा हात तयार व्हायला तू किती रक्त आटवलंस ते मी पाहिलंय, त्यामुळे सहज लिहिते आहे असं समजू नकोस, दोनदा उठून तोंड धुवून आले. सोमवारच्या गाडीने मी येते आहे, नको म्हणू नकोस. तपासायला तू आत जा, मी बाहेर बाकावर बसते. इतके दिवस तू एकटाच घाबरत होतास, आता दोघं मिळून घाबरू.

तुझीच, आणि उलटटपाली नुसतं ‘ये’ एवढंच हवं असलेली,
आई