जुनी मूठ

अम्मी, तू भरलेली एक गादी मागच्या महिन्यात मी माझ्या हातानं उसवली. पलंगाची नाही, जिनवाल्या शेठच्या काळ्या विलायती गाडीची मागची सीट. तुला ती आठवत असणार, कारण तिच्यावरून आपण दोघं किती तरी दिवस बोललो नव्हतो. शेठ गेले, त्यांचं कापसाची सरकी काढायचं जिन बंद पडलं आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेली. आता त्यांच्या नातवाला ती विलायतेतून उतरली तेव्हा जशी होती तशी करून प्रदर्शनात उभी करायची आहे. तिच्यात अस्सल काय आणि मागाहून घुसवलेलं काय, हे सांगायला त्यानं पुण्याहून माणूस बोलावला. तो माणूस मी. खामगावची गाडी ओळखायला खामगावचाच पोरगा पुण्याहून भाडं घेऊन आला, यावर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

माझं हे काम तुला कधी सांगता आलं नाही. तू होतीस तेव्हा मी गॅरेजमध्ये पाने फिरवत होतो. आता जुन्या गाड्यांचे मूळ भाग ओळखणं हाच माझा धंदा आहे. पन्नाससाठ वर्षं जुन्या गाडीत कुणी दिवा बदललेला असतो, कुणी आरसा, कुणी ट्रॅक्टरचा बोल्ट ठोकून बसवलेला असतो. मी रबराखाली दडलेला पहिला रंग बघतो, लोखंड ओतताना त्यात उठवलेला आकडा बघतो, आणि मग सांगतो, हे मूळचं, हे नाही. लोक म्हणतात, नजर तेज आहे तुमची. नजर कसली, हात आहे, आणि तो तुझ्याकडून आलाय. दुकानाच्या ओट्यावर बसून तू कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांनी ताणायचीस, मग गालाला लावायचीस. घरात आपण हिंदी बोलायचो, पण गिऱ्हाईक समोर असलं किंवा तू रागावलीस की वऱ्हाडी सुरू व्हायची. "हा गावरानी," तू सांगायचीस, "दाबला का उठते. अन् हा बीटीचा, रेशमावानी मऊ, पन एकदा बसला का बसलाच." मीसुद्धा गाडीचा भाग आधी डोळे मिटून चाचपतो. गिऱ्हाइकांना वाटतं, नाटक करतो. थोडं करतोही.

अब्बा मशीनवर कापूस पिंजायचे आणि तू गाद्या भरायचीस. तुझी एक खोड साऱ्या बाजाराला माहीत होती. कुणी नवी गादी सांगितली की तू आधी त्याच्या घरच्या जुन्या गादीतली मूठभर रुई मागायचीस आणि ती नव्या गादीच्या पोटात घालायचीस. नवरीची गादी असली तर मूठ तिच्या माहेरच्या गादीतली हवी. एकदा एक बाई चिडली, म्हणाली, "नव्याचे पैसे देऊन जुनं काऊन घेऊ वो?" तू दाभण खाली न ठेवता म्हणालीस, "नव्या गादीले घर माहीत नसते, बाई. सून नांदवा लागते तशी गादी बी नांदवा लागते." ती बाई निमूटपणे घरी जाऊन मूठ घेऊन आली. मला तेव्हा या प्रकाराची लाज वाटायची. गॅरेजमधली पोरं मला मूठवालीचा पोरगा म्हणायची.

बीटीचं बियाणं आलं तशी बघता बघता सगळी वावरं एकाच कापसानं भरली. जलंबकडचे एक काका दर साली तुझ्यासाठी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं गावरानीच्या चार ओळी पेरायचे, आणि त्याचं एक पोतं शेठच्या जिनात सरकी काढून आपल्याकडे यायचं. त्या वर्षी पोतं टाकताना ते म्हणाले, "वहिनी, हे शेवटचं. औंदा धुऱ्यावर बी बीटीच लावून राह्यलो." तू म्हणालीस, "मले पायजे ना गावरानी!" ते हसले, "तुमच्या एका पोत्यासाठी बियानं कुठून आनू? कोनापाशीच राह्यलं नाही." तू ते पोतं माळ्यावर चढवलंस आणि मला बजावलंस, हात लावू नको, हे तुझ्या लग्नाच्या गादीचं आहे. मी वरवर हसलो, पण मला फार बरं वाटलं होतं, अम्मी. पुढे पावसानं दगा दिला. खताबियाण्यात गेलेलं लोकांच्या हाती परत आलं नाही, आणि लग्नं पुढे ढकलली जाऊ लागली. पीक बुडालं की माणूस आधी गादीच रद्द करतो, जुनीच पिंजून घेतो, आणि पुढच्या वर्षी तीही तशीच वापरतो. अब्बांचं मशीन दिवसेंदिवस झाकलेलं असायचं.

अशात शेठचा निरोप आला. गाडीची मागची सीट बसली होती, आणि दर गुरुवारी शेगावला जाताना त्यांच्या आईची कंबर धरायची. संध्याकाळी मी घरी आलो तर माळा रिकामा. तू ओट्यावर सीट आडवी टाकून माझं पोतं तिच्यात भरत होतीस. मी ओरडलो, बीटीचा कापूस भर की, शेठला काय कळतंय! तू मान वर केलीस. "त्याले नाही कळत, मले कळते ना. खड्ड्याचा रस्ता हाय, बीटीचा दोन महिन्यात बसते." मी म्हणालो, आणि माझी गादी? "तुहं लगन ठरलं का? बिना नवरीची गादी घेऊन काय करतं बे? त्या म्हातारीची कंबर आज दुखून राह्यली." त्या रात्री मी ताट सारून उठलो. पुढच्या गुरुवारी शेठची आई गाडी थांबवून दुकानात आली आणि तुझा हात धरून म्हणाली, "बाई, तुह्या गादीनं शेगाव जवळ आनलं वो." तू माझ्याकडे बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं.

नंतर तू माझ्या गादीसाठी पुन्हा गावरानी कापूस शोधत होतीस हे मला ठाऊक आहे. तो मिळायच्या आत तू गेलीस. माझं लग्न झालं, फोमची गादी आणली, चांगली महागाची. साऱ्या खामगावच्या पाठी तू निजवल्यास, आणि तुझ्या हातची गादी मला मात्र मिळाली नाही. हे मला अजून लागतं.

मागच्या महिन्यात शेडमध्ये मी सीट उसवली. तुझे टाके ओळखायला मला हात लावायचीसुद्धा गरज पडली नाही. आत कापूस, पिवळट पडलेला, पण दाबला की उठत होता. नातवानं विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, कापूस. "मूळचा?" हा प्रश्न मी दिवसभर ऐकतो आणि लगेच उत्तर देतो. त्या वेळी मी आधी कापूस पुन्हा एकदा दाबून बघितला. कारखान्यानं या सीटमध्ये घोड्याचे केस भरले होते, कापूस नव्हे. नाही म्हटलं की तो फेकला जाणार, आणि हो म्हटलं तर आजवर मिळवलेला माझा शब्द जाणार. मी म्हणालो, नाही. "मग फेकून द्या." तो चांगला मुलगा आहे, त्याला काय माहीत. मी विचारलं, मी नेऊ का? तो म्हणाला, खुशाल न्या.

मी पोत्यात कापूस भरू लागलो. डाव्या कोपऱ्यात, शेठची आई बसायची तिथे, हाताला काही तरी खरखरीत लागलं. मूठभर काळेभोर, कुरळे केस. घोड्याचे. मी ते दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितले. तू विलायती गाडीलासुद्धा तिची जुनी मूठ घातली होतीस! अख्ख्या सीटमध्ये कारखान्याचं जे काही उरलं होतं, ते तुझ्यामुळे उरलं होतं. नातू आनंदानं नाचायचा बाकी होता, कारण नमुना मिळाला, आता हुबेहूब तसेच केस मागवता येणार होते. तो विचारत होता, हे इथे कुणी ठेवलं असेल? मी सांगितलं, माझ्या आईनं. मग त्याला सगळं सांगावं लागलं, आणि मध्येच मला रडू आलं.

पोतं आता पुण्याला आमच्या गॅलरीत आहे. गादी भरणारा शोधतोय. बायको म्हणते, फोमच्या गादीतून मूठ कशी काढणार? बघू.

सीट नव्यानं भरून झाली. तिच्यात मूळचं नसलेलं काहीही नाही, असं मी नातवाला लिहून दिलं आणि खाली सही केली. अम्मी, डाव्या कोपऱ्यात मी तुझ्या कापसाची एक मूठ घातली आहे. हे त्याला सांगितलेलं नाही.