आणखी थोडं मागे

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार, मामीला त्याहून चार बोटं जास्त वाकून (कारण पुढे येईल), आणि ताईच्या बाळाला लांबूनच एक पापा.

मामा, गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ इतकी नेमकी सांगतोय कारण ती कॅमेऱ्याने नोंदवून ठेवली आहे. पण तुमची तब्येत विचारायच्या आधीच याने स्वतःचं रडगाणं लावलं, असं मामी म्हणेल, म्हणून आधी तुमचे गुडघे. कसे आहेत? ताईच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा चढताना डावा कुरकुरणार आणि उतरताना उजवा, ही वाटणी अजून तशीच आहे की आता दोघांचं एकमत झालं? बाळ हुबेहूब तुमच्यावर गेलंय, असं मामी फोनवर म्हणाली. ताईला सांगा, धीर सोडू नको, मुलं वाढत्या वयात बदलतात. इकडे तुमचं घर व्यवस्थित आहे. कुंड्यांना रोज पाणी घालतो. (रोज म्हणजे आठवण होईल त्या रोज.)

आता मुद्द्यावर येतो. पण मुद्दा कॉलेजपासून सुरू होतो, त्याला माझा इलाज नाही. दुसऱ्या वर्षात मी डोक्यात राख घालून कॉलेज सोडलं, असं तुम्ही चारचौघांत सांगता. तसं नव्हतं ते. भूगोलाचे सर फळ्यावर खडूने दरी काढत होते. दरी बुटासारखी दिसत होती. आणि खिडकीबाहेर खरा डोंगर, त्यावर सकाळचं कोवळं ऊन. मी उभा राहून म्हटलं, सर, दरी बाहेर आहे. ते म्हणाले, मग तूही बाहेर हो. मी झालो, तो झालोच. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. (पाहिलं असतं तर दप्तर बाकावर राहिलंय हे दिसलं असतं. अजून तिथेच असावं.)

त्यानंतर मी फोटो स्टुडिओत लागलो. तिथल्या मालकांना सगळं गाव 'हनुवटी' म्हणतं, कारण पस्तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला 'हनुवटी खाली' याखेरीज काही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. माझ्याकडे पासपोर्ट फोटो: मागे निळा पडदा, खाली गोल स्टूल, दोन्ही कान दिसले पाहिजेत. वर्षभर मी लोकांचे कान मोजले. मग यंदा एका रंगाच्या दुकानदाराने कॅलेंडर काढायला सांगितलं, 'सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी बारा निसर्गरम्य ठिकाणं', आणि हनुवटींना चढण झेपत नाही म्हणून बाराही महिने माझ्या गळ्यात पडले. सोबत त्यांनी एक नियम दिला. 'नुसता डोंगर काढलास तर मातीचा ढीग दिसतो. त्यात माणूस हवा, त्याच्याजवळ लाल काहीतरी हवं. हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, आणि माणूस अंगठ्याच्या नखात मावला पाहिजे. नाही मावला तर तो डोंगराचा फोटो नव्हे, पाहुण्यांचा.' हा नियम मी शिरसावंद्य मानला. जानेवारीला धबधब्यापाशी एक गुराखी मिळाला, फेब्रुवारीला एक पोस्टमन. मार्चला माळावर कुणीच भेटेना, तेव्हा टायमर लावून मी स्वतःच पळत सुटलो. त्या फोटोत मी पडतो आहे, पण नखात मावतो.

या ठिकाणांना बस किती वाजता, हे विचारायला मी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत जाऊ लागलो. आणि तिथे ती. काचेला मधोमध गोल भोक, भोकापलीकडे ती. मागे निळी भिंत, दोन्ही कान दिसताहेत, हनुवटी बरोब्बर. मामा, वर्षभर इतके चेहरे मी ओढूनताणून चौकटीत बसवले, पण आपणहून चौकटीत बसलेला चेहरा तो पहिलाच. त्या महिन्यात मी एकोणीस वेळा चौकशी केली. ज्या गावांना माझं काळं कुत्रं जाणार नाही त्यांच्याही वेळा विचारल्या. तिला वेळापत्रक तोंडपाठ. पण तळ्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, सव्वासातला सुटते, साडेआठला पोचते. तीन वर्षं रोज सांगतेय, पण तळं दिसतं कसं ते मात्र मला विचारू नका, मी कधी गेलेच नाही. मी तिथल्या तिथे, मागे रांग असताना, रविवारचं विचारून टाकलं. (रांगेतल्या एका आजोबांनी 'हो म्हण गं बाई, मला सव्वानऊची गाडी आहे' असा रेटा दिला. ते रोज त्याच गाडीने जातात आणि रोज तिची वेळ विचारतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.)

रविवारी ती आली. खिडकीबाहेर तिला प्रथमच पाहत होतो. तिला पाय आहेत याचंच मला उगाच कौतुक वाटलं. तिने डबा आणला होता, चहाचा थर्मास आणला होता, दोन कप आणले होते. बसमध्ये सव्वा तास इतकं बोलणं झालं की मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. आणि तळं! वाऱ्याची झुळूक नाही, डोंगर पाण्यात उलटा, असा जसाच्या तसा की कुठला खरा ते दगड मारूनच कळावं. ती काठावरच्या एका सपाट दगडावर बसली, थर्मासचं झाकण फिरवलं आणि शेजारच्या दगडाकडे हात करून म्हणाली, बस. आणि मी म्हटलं, 'चहा नंतर, आधी उजेड. ही छत्री घे आणि जरा तिकडे उभी राहा.'

लाल छत्री. (मामीला एवढ्यात वाचून दाखवू नका.)

ती हसत गेली. मी ट्रायपॉड लावला, हात लांब केला, एक डोळा मिटला. नखात मावेना. ओरडलो, आणखी थोडं मागे. ती गेली. आणखी थोडं. तळ्याच्या काठाने पायवाट आहे, त्या वाटेने ती मागे मागे जात राहिली. आवाज पोचेनासा झाला तेव्हा मी खुणा सुरू केल्या. पण हा मेला अंगठा! मी मोजायला अंगठा वर करायचो, तिला वाटायचं 'झकास, जमलं', आणि ती परत यायला निघायची. मग मी दोन्ही हातांनी, कोंबड्या हाकलाव्यात तसं तिला मागे हाकलायचो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. असं पाच वेळा झालं. नऊ चाळीसला ती एकदाची नखात मावली, मी एक फोटो घेतला, आणि नेमका डोंगरावर ढग आला. आता उजेडाची वाट बघायची तर अंगी तप लागतं. मी बघितली. मधूनमधून ती छत्री हलवायची, मी 'हलू नको' अशी खूण करायचो. अकरा वीसला ढग सरला, ऊन डोंगरावरून घरंगळत पाण्यापर्यंत आलं आणि मी फोटोमागून फोटो काढत सुटलो. चौथ्या फोटोत ठिपका हलला. मी चिडलो. (काही शिस्त म्हणून नाही माणसाला!) सातव्यात ठिपक्याशेजारी एक पिवळा ठोकळा आला. आठव्यात छत्री मिटलेली. नवव्यात ठोकळाही नाही. पलीकडच्या काठावरून अकरा पंचवीसची परतीची बस जाते, हे तिला पाठ होतं, मला नव्हतं. पुढची अडीचला. तोवर मी तिच्या दगडावर बसून दोन्ही कपांतून चहा प्यायलो. एकदा याच्यातून, एकदा त्याच्यातून.

सोमवारी हनुवटींनी सगळे फोटो पाहिले आणि सातव्यावर बोट ठेवलं. म्हणाले, यात जीव आहे. बघ, कुणीतरी कुठेतरी निघालंय. जुलै ठरला. मंगळवारी मी त्याची चांगली हातभर लांब प्रत काढून माफी मागायला गेलो. (प्रत मोठी म्हणजे माफीही मोठी, असा माझा हिशेब.) भोकातून ती जाईना, म्हणून काचेला लावून धरली. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'छान आहे. यात मी कुठे?' मी प्रत खिडकीबाहेरच्या फळीवर पसरून बोट ठेवलं. बोटाखाली ती झाकली गेली. बोट उचललं तर मलाच सापडेना. रांग पुढे सरसावली. एक बाई म्हणाल्या, कोण हरवलंय हो? सव्वानऊचे आजोबा चष्मा कपाळावर चढवून जवळ आले, 'हा डाग होय?' म्हणाले, आणि ओल्या बोटाने पुसायलाच लागले. मामा, माझ्या डोळ्यांदेखत ते तिला पुसत होते!

मग ती बोलली. मी परत 'तुम्ही' झालो होतो, त्यावरूनच काय ते समजा. म्हणाली, 'दिवसभर लोक माझ्याशी या भोकातून बोलतात. एक दिवस कुणी समोर बसून बोलेल, म्हणून आले होते. तुम्ही मला इतकं लांब पाठवलंत की तुमच्यापेक्षा बस जवळ होती. म्हणून बसले.' आणि मी तिथे नसल्यासारखं, 'पुढचे कोण?'

बुधवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (मंगळवारभर ती कमरेपर्यंतच होती.) हनुवटींना सांगितलं, तुमच्या एका नखापायी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. ते गिऱ्हाइकाला म्हणाले, 'हनुवटी खाली.' मी राजीनामा त्यांच्यापुढे फेकला (कागद नव्हता, लेन्स पुसायचं फडकं फेकलं) आणि दार आपटून निघालो. पण स्टुडिओच्या दाराला ते आपोआप मिटणारं दांडकं बसवलंय. मी जीव खाऊन ओढतोय आणि दार आपलं जांभई मिटावी तसं मिटतंय. काचेतून आत हनुवटी बघताहेत, स्टुलावरचं गिऱ्हाईक बघतंय, बाहेर मी. शेवटी ते अर्धं उघडं टाकूनच आलो.

तेव्हा मामा, निर्णय झाला. प्रेम बंद, निसर्ग बंद. तुम्ही म्हणाल त्या कॉलेजात, म्हणाल त्या बाकावर बसेन. दरी फळ्यावरच पाहीन, बुटासारखी असली तरी तिला दरीच म्हणेन. प्राचार्यांशी बोलून ठेवा. (दप्तराचंही विचारा.)

सर्व मोहांतून मोकळा झालेला,
तुमचा भाचा
गुरुवार

ता. क. (शुक्रवार): पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. मामीची लाल छत्री खिडकीतल्या तिच्याकडेच आहे. वस्तू मामीची, तेव्हा मी मागणं बरं दिसत नाही. तुम्ही परत आलात की खिडकीवर जा. गुडघे दुखताहेत असं जरा दाखवा (खरंच दुखत असतील तर उत्तमच), छत्री मागा, आणि ओघाओघात 'भाचा मनाने वाईट नाही, एक डोळा मिटतो तेव्हाच काय तो चुकतो' एवढं तिच्या कानावर घाला. खरं सांगायचं तर सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. रांगेत लवकर उभे राहा, आजोबांच्या आधी.

ता. क. २ (शनिवार): तुम्ही जाऊ नका. तिचा थर्मास धुऊन द्यायला मीच गेलो. तोही भोकातून जाईना. मग सवयीने चौकशी केली: तळ्याला पहिली बस? 'रविवारी सव्वासात.' परतीची? मामा, जिला सगळ्या गाड्या पाठ आहेत तिने तक्ता काढला, वरपासून खालपर्यंत सावकाश बोट फिरवलं आणि मान वर न करता म्हणाली, 'शेवटची पावणेसहाला आहे. थर्मास तूच भरून आण.' तू, मामा, तू! मागून आजोबा म्हणाले, मिटलं का एकदाचं? तिथून तडक स्टुडिओत गेलो. हनुवटी म्हणाले, 'ये. तू गेलास तेव्हाचं दार आत्ता कुठे लागलं.' प्राचार्यांशी बोलू नका. दप्तराचं विचारलंत तरी चालेल.

ता. क. ३ (रविवार, सकाळी साडेसहा): माळ्यावरच्या तुमच्या दोन घडीच्या खुर्च्या नेतोय. त्या तुम्ही कुणाला हात लावू देत नाही हे माहीत आहे, म्हणूनच तुमचं उत्तर यायच्या आत निघतोय. समोरासमोर मांडायच्या आहेत, मध्ये थर्मास, बस्स. कॅमेरा तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात, स्वेटरखाली ठेवलाय. हनुवटींना वाईट वाटेल, ऑगस्ट अजून व्हायचाय. कुंड्यांना पाणी घातलं (आज खरंच). एका हातात खुर्च्या, दुसऱ्यात थर्मास, म्हणजे पेटीपर्यंत हे पत्र दातांतच न्यावं लागणार. कोपरा ओला असला तर ते आसवं समजू नका. दार आपटायला आज हात मोकळा नाही. पायानेच, हळूच, ओढून घेतो.