चंदगड गप हाय, बघा की

मंगळवार, जेवणाआधी

आज मान ताठ आहे माझी. आहेच!

आमच्या डेअरीचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालतं, त्यावर नजर ठेवणं माझं काम. सर्व्हर बंद पडला की वाजणारा अलार्म सगळेच लावतात. मी एक जादाचा लावला होता, सध्या दोन-तीन तालुक्यांपुरता. दूध घालायच्या वेळेला त्यांतल्या एखाद्या तालुक्यातून दुधाच्या नोंदीच आल्या नाहीत, तर मेसेज यावा: 'गप हाय, बघा की.' पुण्याच्या ऑफिसातले माझे वरिष्ठ, देशपांडे सर, हसले होते, "ही काय भाषा झाली?" पण आमच्या घरात आरडाओरड्याची कुणाला काळजी नसते, कोणी गप्प बसलं की असते. मग सॉफ्टवेअरची का नको?

आज संध्याकाळी मेसेज आला. चंदगड गप हाय, बघा की. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं, म्हणजे ठीक. सर फोनवर म्हणाले, "अलार्मच चुकलाय तुमचा." चुकला असेल? क्षणभर मलाही वाटलं. तरी तिथल्या एका दूध संस्थेच्या सचिवांना फोन लावला.

"गप कुठलं ताई, रांग लागलीया की! मशीन तर नोंद गेली म्हणतंय."

गेली, पण पोचली कुठे? दुपारी सॉफ्टवेअरचं नवं अपडेट टाकलं होतं, तेव्हापासून नोंदी वाटेतच अडकत होत्या. कळलं नसतं तर रांगेतल्या त्या माणसांनी आज दूध घातलंच नाही, असं दिसलं असतं. अपडेट मागे घेतलं आणि नोंदी धडाधड आल्या. एकही हरवली नाही.

सरांचा मेसेज: "सगळ्या तालुक्यांना लावा. 'हाय'चं 'आहे' करू नका."

तोच पुन्हा पुन्हा वाचत बसलेय. आतून आई ओरडली, "लई गप हाईस गं, काय झालं?"