नानांची कॅसेट, मुलुंडच्या हॉलमध्ये

१२ ऑक्टो. ८६, रवि.
विन्या घाटकोपरहून टॅक्सीत स्पीकरच्या दोन जोड्या घालून आला. ऑफिसातला मित्र, स्पीकरची खोकी स्वतः बांधतो. मोठी की छोटी, ऐकून ठरव म्हणाला. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. "वाट लागलीय रे तुझ्या हॉलची. नुसता घुमतोय." खरंय. ब्लॉक नवा, भिंती उघड्या. गिरगावच्या खोलीत गाद्यांची चळत, दोरीवर कपडे, माणसंच माणसं. तिथे साधा टेपही गोड वाजायचा. फार आठवते ती खोली.

पारखायला कॅसेट एकच, नानांची. चाळीच्या गणपतीत गायलेली नाट्यपदं. वडिलांचा तो आवाज गेला. घशाच्या ऑपरेशनपासून नाना पाटीवर लिहून बोलतात. डॉक्टरांनी हवा गिळून बोलायचा सराव सांगितलाय, करत नाहीत. ढेकरेसारखा आवाज येतो, लाज वाटते. आईशीसुद्धा पाटीच. मला तेच बघवत नाही. स्पीकर हे निमित्त. स्वतःचं गाणं नीट ऐकलं तर उमेद येईल, असं आपलं वाटतं.

१४, मंगळ.
मोठी जोडी. कोपऱ्यात ठेवली तर तबला पिंपात वाजल्यासारखा. पुढे ओढली, जरा बरं. नानांनी ऐकलं, पाटीवर लिहिलं: हा मी नाही. पुसलं आणि गॅलरीत गेले.

१८, शनि.
छोटी जोडी. मागच्या भिंतीला आईची गोधडी टांगली. घुमणं गेलं, पेटीचा भातासुद्धा ऐकू येतो. झकास. नाना: मी असा गात नव्हतो.
चिडलोच. मग आंघोळ करताना डोक्यात आलं, स्वतःचा आवाज बाहेरून कसा लागतो ते गाणाऱ्याला काय ठाऊक? चुकीच्या माणसाला विचारत होतो.

१९, रवि.
आईला बरोब्बर मधल्या खुर्चीवर बसवलं. "छान आहे. पण असं समोर बसून मी यांना कधी ऐकलंय?" उठली, ओट्याशी जाऊन पोळ्या लाटायला लागली. चाळीत नाना बाहेर रियाझ करायचे, ही आत. जन्मभर भिंतीआडूनच.
विन्याने आलटून पालटून दोन्ही जोड्या लावल्या. छोटीवर लाटणं थांबलं.
"आत्ता आले हे."
नाना आत गेले, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. पाटी: असा गायचो?
"असेच गायचात. तेव्हा कधी विचारलं नाहीत ते."
विन्या उगीच स्क्रू आवळत बसला.

२२, बुध.
मोठी जोडी परत गेली.
संध्याकाळी घरी आलो तर नानांची कॅसेट जिन्यापर्यंत ऐकू येत होती. हॉलमध्ये आई एकटी, मेथी निवडत. स्वयंपाकघराचं दार आतून बंद.
"त्यांनीच मोठा केलाय. मलाही बाहेर काढलं. सराव करतायत वाटतं."
बटणापर्यंत गेलो. आवाज कमी केला असता तर कळलं असतं. नाही केला.